थेंबे थेंबे रिलॅक्स!

शुक्रवार. संध्याकाळचे साडेसात. लॅपटॉपवर तीन फाइल्स उघड्या, मोबाइलवर एडिटरचा चौथा मिस्ड कॉल आणि माझी मान... ती उजवीकडे वळायलाच तयार नाही! कोणी हाक मारली की मी रोबोटसारखी अख्खी वळते. फ्रीलान्सर आहे म्हणून डोक्यावर बॉस नाही, असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मला बॉस पाच आहेत आणि पाचही जणांना मजकूर सोमवारी सकाळीच हवा असतो.

तुमचंही थोड्याफार फरकाने हेच, नाही का? दिवसभर एसीत खुर्चीला चिकटायचं, येता-जाता लोकलमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये लटकायचं आणि रात्री अंथरुणावर पडून पुन्हा मोबाइलकडे मान वाकवायची. मग खांद्यांनी संप पुकारला तर त्यांचं काय चुकलं?

यावर माझ्या एका मैत्रिणीने उपाय सुचवला, ‘अगं, अरोमाथेरपी कर. एकदम फ्रेश होशील!’ झालं. मी लगेच ऑनलाइन बर्गमॉटच्या तेलाची छोटी बाटली मागवली. अर्ल ग्रे चहाला जो वास असतो ना, तोच हा. इतका मस्त वास की सकाळी आंघोळीनंतर मी ते तेल थेट मानेवर आणि खांद्यांवर चोळलं आणि स्कूटीवरून भर उन्हात मीटिंगला गेले. दुसऱ्या दिवशी मानेवर लालभडक चट्टे आणि आग. पुढचे दीड-दोन महिने त्या चट्ट्यांचे तपकिरी डाग ओढणीखाली लपवत फिरले. त्वचेच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘हे कशात मिसळून लावलं होतंत?’

मिसळून? हे तर मला कोणी सांगितलंच नव्हतं!

तर मंडळी, आजचा कॉलम या चट्ट्यांची देणगी आहे. चूक माझीच होती, म्हणून होमवर्कही मीच केला. तुम्ही फक्त वाचा आणि रिलॅक्स व्हा.

तेल, पण तेल नाही!

पहिली गोष्ट, ‘एसेन्शियल ऑइल’ हे आपल्या खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखं तेल नसतंच. कागदावर शुद्ध लॅव्हेंडर तेलाचा थेंब टाका, थोड्या वेळाने तो उडून जातो आणि तेलकट डाग जवळपास उरत नाही. फुलं, पानं, साल किंवा मुळं यांतून वाफेच्या मदतीने काढलेला हा सुगंधी अर्क. लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांचं तेल मात्र बहुतेकदा साल दाबून काढतात. अर्क किती तीव्र असतो याचा अंदाज हवा? एक किलो गुलाबाचं तेल मिळवायला साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे बाटलीतला एक थेंब ही केवढी मोठी परडी झाली, बघा!

‘अरोमाथेरपी’ हा शब्द फ्रान्सचा. रेने-मॉरिस गातफॉसे नावाच्या रसायनतज्ज्ञाचे हात १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजले आणि जखमा चिघळल्या तेव्हा त्याने लॅव्हेंडरचं तेल वापरलं. पुढे १९३७ साली त्याने या विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्याला ‘अरोमाथेरपी’ हेच नाव दिलं. हे तेल दुसऱ्या तेलात मिसळून मसाज करायची पद्धत रुजवली ती मात्र मार्गरीट मोरी या बाईंनी. त्यांचं पुस्तक १९६१ सालचं. आज स्पामध्ये आपण जो अरोमा मसाज घेतो, त्याचं मूळ तिथे आहे.

पण फ्रेंचांना फार भाव द्यायची गरज नाही हं! उत्तर प्रदेशात कनौजला तांब्याच्या देगेत आजही गुलाबाचं अत्तर काढतात. आणि नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसवून, सुगंधी तेल चोळून, उटणं लावून आंघोळ घालणारी आपली आई ही तर घरोघरची अरोमाथेरपिस्टच की! फक्त तिने कधी बिल पाठवलं नाही.

नाकाचा शॉर्टकट

आता मुद्द्याचं. याने खरंच काही होतं का?

वासाची एक गंमत आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत थोडं वळसा घालून पोचतं. वासाचा निरोप मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाकडे जवळच्या वाटेने जातो. म्हणून तर पहिल्या पावसाचा वास आला की आपण थेट शाळेच्या गेटवर पोचतो. नाकातले गंध ओळखणारे रिसेप्टर्स शोधून काढणाऱ्या रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल मिळालं, इतका हा विषय मोठा आहे.

दुसरा अर्धा भाग मसाजचा. हलक्या, लांब हातांनी चोळल्यावर आखडलेले स्नायू सैल पडतात, श्वास संथ होतो आणि अर्धा-पाऊण तास मोबाइल हातात नसतो. हा शेवटचा फायदा कमी समजू नका!

पण कोणी सांगितलं की या तेलाने डायबेटिस जातो किंवा कॅन्सर बरा होतो, तर सरळ उठून बाहेर या. कॅन्सरच्या पेशंट्सवर झालेल्या मसाजच्या आणि अरोमा मसाजच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली आढावा घेतला. वेदना आणि चिंता थोडा काळ कमी होत असतील, पण पुरावा कच्चा आहे, असा त्याचा सूर होता. थोडक्यात काय, अरोमा मसाज हा आराम आहे, औषध नाही. आणि आराम ही काय छोटी गोष्ट आहे?

बेडवर पालथी, प्रश्न सुलट

डाग गेल्यावर मी हिंमत करून एका स्पामध्ये गेले. गिफ्ट व्हाउचर होतं म्हणून, नाहीतर तिथलं रेटकार्ड पाहून माझा बीपी वाढला असता. चांगल्या स्पाची पहिली खूण मला तिथे कळली. तेल लावण्याआधी त्यांनी फॉर्म भरून घेतला. अ‍ॅलर्जी आहे का, दमा आहे का, प्रेग्नन्सी, बीपी, नुकतंच ऑपरेशन... तुम्हाला हे काहीच न विचारता कोणी झोपवलं, तर तुम्हीच विचारा.

मग तीन बाटल्या नाकासमोर धरल्या. ‘मॅडम, जो वास आवडेल तो घ्या.’ हे महत्त्वाचं बरं का! लॅव्हेंडर कितीही शांत करणारं म्हणून प्रसिद्ध असलं, तरी तुम्हाला त्या वासाने मळमळत असेल तर ते तुमच्यासाठी नाही. मी लॅव्हेंडर आणि गवती चहाचं मिश्रण निवडलं. गवती चहा म्हणजे आपल्या अंगणातलाच, स्पामध्ये जाऊन तो लेमनग्रास झाला.

थेरपिस्ट साताऱ्याकडच्या होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. आधी पाठीवर लांब, सावकाश हात फिरवले, तेल पसरलं, मग खांद्यांच्या गाठी अंगठ्याने हळूहळू सैल केल्या. दुखलं तर सांगा, असं दोनदा म्हणाल्या. पाठीच्या मणक्यावर थेट दाब एकदाही दिला नाही. मी पार विरघळले होते. तशातच सहज विचारलं,

‘दिवसाला किती जण होतात, ताई?’

‘चार-पाच. शनिवार-रविवार जास्त. रात्री अंगठे ठणकतात, मॅडम.’

‘मग तुम्हाला मसाज कोण करतं?’

त्या हसल्या. ‘माझी मुलगी. सात वर्षांची आहे. दोन मिनिटांत कंटाळते. पण तेवढ्यानं पण लई बरं वाटतं.’

त्यानंतर मला झोप लागली नाही. कारण डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. आणि तो माझ्याच घरचा होता.

‘अगं, मला कशाला?’

माझी आई शाळेत शिक्षिका. तीस वर्षं फळ्यावर लिहून तिचा उजवा खांदा कायम धरलेला. मी घरी गेले आणि विचारलं, ‘आई, तुला शेवटचं तेल कोणी लावलं होतं गं?’

ती कोथिंबीर निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘तू झालीस तेव्हा. सव्वा महिना मावशी यायच्या ना तेल लावायला.’

म्हणजे अठ्ठावीस वर्षांपूर्वी! या अठ्ठावीस वर्षांत माझ्या डोक्याला, माझ्या पायांना, बाबांच्या पाठीला, आजीच्या गुडघ्यांना तिने किती तेल जिरवलं असेल याचा हिशोबच नाही. आणि आम्हा कोणाला कधी सुचलंही नाही की बाटलीची दिशा उलटी करता येते.

तिला बीपीची गोळी चालू आहे, म्हणून आधी आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ‘हलक्या हाताने कर, दुखलं तर थांब’ म्हणत हिरवा कंदील दिला. मग आदल्या दिवशी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रणाचा एक थेंब लावून ठेवला. काही खाज नाही, लाली नाही. रविवारी दुपारी तिला पाटावर बसवलं.

‘अगं, मला कशाला? मी काय म्हातारी झाले?’

‘गप्प बस गं. आज मी सांगेन ते.’

वाटीत दोन चमचे तिळाचं तेल, म्हणजे साधारण १० मिली. त्यात लॅव्हेंडरचे मोजून दोन थेंब. तेल तळहातावर चोळून कोमट केलं. मानेपासून खांद्याकडे, खांद्यापासून दंडाकडे, सावकाश. पहिली पाच मिनिटं ती सूचना देत होती. गॅस बंद केलास का, मशीन लावलंस का, बाबांचा चहा... मग गप्प झाली. आणि दहाव्या मिनिटाला बसल्या बसल्या चक्क घोरायला लागली.

तिचा खांदा काही एका रविवारी बरा झाला नाही. होणारही नव्हता. त्यासाठी ती आता फिजिओथेरपिस्टकडे जातेय, तेही त्या दिवशी ‘हात इतका वर जात नाही’ हे माझ्या लक्षात आलं म्हणून. पण आता दर रविवारी साडेतीन वाजता ती स्वतःच पाट मांडते. काही बोलत नाही. नुसती मांडते.

मोजूनमापून! (फ्रिजवर चिकटवा)

● प्रमाण : मोठ्यांच्या अंगाच्या मसाजला २ टक्के पुरे. म्हणजे ३० मिली साध्या तेलात १२ थेंब. चेहरा, नाजूक त्वचा किंवा वयस्कर मंडळी असतील तर निम्मे, म्हणजे ६ थेंब. जास्त थेंब म्हणजे जास्त फायदा, असं अजिबात नाही.

● बेस : तीळ, खोबरेल, बदाम यांपैकी कुठलंही चालेल. सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर बदाम तेल नको.

● टेस्ट : मिश्रण कोपराच्या आत लावून २४ तास थांबा.

● ऊन : बर्गमॉट आणि सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावल्यावर किमान १२ तास उन्हात जाऊ नका. माझी मान साक्षीला आहे.

● खरेदी : गडद काचेची बाटली, लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव. गुलाब आणि लिंबू एकाच किमतीत मिळत असतील तर समजून जा. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ म्हणजे एसेन्शियल ऑइल नव्हे.

● साठवण : झाकण घट्ट, जागा थंड. जुनी, हवा लागलेली तेलं त्वचेला जास्त त्रास देतात.

● पोटात नाही : एकही थेंब नाही. निलगिरी आणि कापराचं तेल लहान मुलाने थोडंसं गिळलं तरी झटके येऊ शकतात. बाटली वरच्या कप्प्यात ठेवा. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल तिच्यापासून लांब.

● आज नको : ताप, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, पायात रक्ताची गुठळी असेल तर मसाज नाही. प्रेग्नन्सी, दमा, फिट्स, कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टर, मग तेल.

तर या वीकेंडला काय प्लॅन? मूव्ही, मॉल, मित्र, सगळं करा. फक्त त्यातली वीस मिनिटं बाजूला काढा. घरात जिने आजवर सगळ्यांना तेल लावलं, तिला एकदा विचारून बघा, ‘तुला शेवटचं कोणी लावलं होतं?’

उत्तर ऐकल्यावर बाटली आपोआप हातात येईल. थेंब मात्र मोजून!