कॅमेरा मंद नसतो हो!

आमच्या घरात काहीही बिनसलं की खापर फोडायला दोन जागा ठरलेल्या आहेत. एक मी, आणि दुसरा माझा कॅमेरा. कॅमेरा डीएसएलआर आहे खरा. पण कंपनीच्या यादीत अगदी खालच्या पायरीवरचा. बँकेत जसा मी. २०१५ साली आमचा पगारवाढीचा करार झाला, एरिअर्स हातात पडले, आणि हिने सोन्याच्या बांगड्यांचा विषय काढायच्या आत मी तो घेऊन टाकला. माझ्या आयुष्यातली ही एकमेव चपळाई.

पुढे पुतणीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, मी बटण दाबलं, कॅमेऱ्याने आधी एक दिवा लावला, आणि फोटो निघाला तेव्हा दोन्ही हार गळ्यात पडून मधे भटजींची पाठ आलेली! "भावजी, तुमचा कॅमेरा स्लो आहे," मेव्हण्याने जाहीर केलं. मेव्हण्याचा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो. त्यातले एकोणीस कुणी बघत नाही आणि विसावा तो पाठवत नाही, हा भाग वेगळा.

वाचकहो, या 'स्लो' शब्दाविरुद्ध माझी तक्रार आहे. बावीस वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसाला तो शब्द कुठे लागतो, ते तुम्हाला कसं कळणार? गिऱ्हाईक स्लिपवर सही करत नाही, तारीख घालत नाही, पासबुक घरी विसरतं, आणि पैसे मिळायला उशीर झाला की म्हणतं, "बँक स्लो आहे."

कॅमेऱ्याचं तेच. रात्री मी माहितीपुस्तिका प्रथमच उघडली. (घेतल्यापासून ती वॉरंटी कार्डाच्या सोबतीला होती.) तो दिवा म्हणजे डोळे लाल येऊ नयेत म्हणून केलेली सोय. ती चालू असली की आमचा कॅमेरा आधी सुमारे एक सेकंद दिवा लावतो, मग फोटो काढतो. सोय चालू कुणी केली? मीच. बटण अर्धं दाबून आधी फोकस करून ठेवायचा असतो, मग पुरतं दाबलं की सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात काम होतं. मी मात्र डोअरबेलसारखं एकदम दाबत होतो. शिवाय मी फोटो काढायचो मागच्या पडद्यात बघून. आता त्याचा झटपट फोकस करणारा अवयव जागा असतो तो आरसा खाली असताना. पडदा चालू केला की आरसा वर जातो, त्या बिचाऱ्यापर्यंत उजेडच पोचत नाही आणि कॅमेरा चाचपडायला लागतो. कॅशियरच्या खिडकीवर फळी ठोकायची आणि वर ओरडायचं, नोटा लवकर मोजा!

बरं, गरिबांच्या कॅमेऱ्यांनी प्रगती केली नाही म्हणावं, तर तेही खोटं. २००३ सालचा कॅननचा ३००डी सेकंदाला अडीच फोटो काढायचा आणि ओळीने चार झाले की दम खायचा. २०१८ सालचा निकॉनचा डी३५०० सेकंदाला पाच काढतो. पाच! आमच्या सबंध घराण्यात सेकंदाला पाच वेळा बघण्याजोगं आजवर काही घडलेलं नाही.

आता मोबाइलवाले म्हणतील, आमचा फोन बटण दाबताक्षणी फोटो देतो. देणारच! तुम्ही कॅमेरा उघडल्यापासून तो गुपचूप चित्रं साठवत असतो आणि बटण दाबलं की त्यातलंच काढून देतो. फोटो तुम्ही काढलाच नाही, तुम्ही फक्त पोच दिलीत.

एक मान्य करतो. मैदानावर धावणारा खेळाडू, उडता पक्षी यांना महागडा कॅमेरा बरा. पण आमच्या आईचं काय? ती कॅमेरा दिसला की शाळेच्या इन्स्पेक्टरपुढे उभी राहिल्यासारखी ताठ व्हायची. सेकंदाला वीस काढले असते तर वीस ताठ आया मिळाल्या असत्या. एका दुपारी ती शेंगा सोलत होती. मी फोकस करून, बटण अर्धं दाबून, भिंगाला डोळा लावून बसलो. दहा मिनिटं झाली. ती कंटाळून म्हणाली, "अरे, झाला का एकदाचा? बँकेतही असाच करतोस का?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसली. तेवढ्यात मी बटण पुरतं दाबलं.

आई जाऊन तीन वर्षं झाली. भिंतीवर तोच फोटो आहे. परवा मेव्हणा बराच वेळ त्याच्यासमोर उभा होता. शेवटी म्हणाला, "भावजी, याची एक कॉपी मला द्या ना."

मी म्हटलं, "देतो. पण जरा वेळ लागेल हं. माणूस स्लो आहे."