शेजारी बहरीन

गेल्या महिन्यात एका निर्यात प्रशिक्षण शिबिरात शिबिरार्थींच्या हातात ‘देश-परिचय’ नावाची पुस्तिका ठेवण्यात आली. तिच्यातले बहरीनचे पान तिघा वाचकांनी आम्हाला पाठवले आहे, तेही एकमेकांना न विचारता. आखातातील छोटे द्वीपराष्ट्र, राजधानी मनामा, राजेशाही, चलन दिनार, मुख्य उत्पन्न खनिज तेल, हवामान उष्ण व कोरडे. बाजूला रंगीत झेंडा. भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोराने हे पान पाठ करावे, एखादा गुण पदरात पडेल. निफाड तालुक्यातल्या आमच्या वाचकाने मात्र समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे: ‘यात कांद्याचं काय?’

प्रश्न रास्त आहे. शिवाय पानावर जे छापले आहे तेही धड नाही. ‘उष्ण व कोरडे’ एवढ्यावर विसंबून कोणी जुलैत साध्या कंटेनरमध्ये माल भरला, तर तिकडे दार उघडल्यावर त्याला पुस्तिकेची किंमत कळेल. बेट आहे ते. पाऊस नावापुरता, पण उन्हाळ्यात हवा इतकी दमट की सावलीतही अंगाला पाणी सुटते. कांदा कोरडे ऊन एकवेळ सोसतो, दमट ऊब सोसत नाही. काळी बुरशी आणि सड यांना दुसरे काही लागत नाही. भरीला १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ४ उघड्यावर कामगार राबवायला तिथे कायद्याने बंदी आहे. म्हणजे आयातदाराच्या गोदामापुढे दुपारी पोचलेला कंटेनर चार वाजेपर्यंत तसाच उभा राहू शकतो. हे पानावर हवे होते. झेंडा नसता तरी चालले असते.

पण बिचाऱ्या पुस्तिकेवर तरी किती रागवायचे? दिल्लीच्या कागदांत बहरीन नेमका कुठे आहे, हेच पक्के झालेले नाही. २७ एप्रिल २०२४ च्या सरकारी प्रसिद्धिपत्रकात ९९,१५० टन कांदा ‘सहा शेजारी देशांना’ निर्यात करण्याची मुभा दिल्याचे म्हटले होते. बांगलादेश, भूतान, श्रीलंका इथवर ठीक. पुढची नावे संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस आणि बहरीन. मधला अरबी समुद्र आणि होर्मुझची सामुद्रधुनी म्हणजे दोन घरांमधला ओढा असावा. असो. शेजारधर्म म्हणून का होईना, कांदा जात असेल तर आमची ना नाही. मात्र शेजाऱ्याच्या ताटात वाढले किती, ते पाहू.

बहरीनच्या वाट्याला आले ३,००० टन. चाळीस फुटी रीफरमध्ये २८-२९ टन धरले तर शंभराच्या थोडे वर कंटेनर. भर हंगामात एकट्या लासलगावच्या आवारात दोन-तीन दिवसांत एवढा माल लिलावाला येतो. एवढ्यासाठी अधिसूचना निघाली मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, आणि त्या वर्षी रमजान सुरू झाला ११ मार्चला. आखातात माल देणाऱ्या पोरासोरालाही ठाऊक आहे की रमजानचा कांदा रमजान लागण्याआधी तीन आठवडे गोदामात हवा. परवानगी हातात पडली तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. त्यानंतर खरेदी कशी, तर नेमून दिलेल्या एकाच सहकारी निर्यात संस्थेमार्फत, ई-मंचावर सर्वांत कमी दर भरणाऱ्याकडून. विक्री कोणाला, तर समोरच्या देशाच्या सरकारने नेमलेल्या संस्थेला, वाटाघाटीने ठरलेल्या दराने आणि शंभर टक्के आगाऊ रकमेवर. मनाम्यातला घाऊक व्यापारी फोनवर भाव ठरवतो आणि माल पाहून हिशेब करतो. आपले काही सभासद त्याच्याशी बापाच्या वेळेपासून व्यवहार करत आले आहेत. या सगळ्या चरकात त्या व्यापाऱ्याला जागा नव्हती आणि सभासदालाही नव्हती. ज्यांनी बाजार उभा केला त्यांनी लिलावात कमीत कमी दराने माल भरावा आणि घरी जावे, अशी ती योजना होती. त्याच पत्रकात गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वेगळी वाट मिळाली होती, त्यावर आम्ही तेव्हाच लिहिले आहे. पुन्हा रक्तदाब वाढवत नाही.

तारखा मात्र एकदा ओळीने वाचाव्यात. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरला बंदी, ३१ मार्चपर्यंत. मुदत संपण्याआधीच मुदतवाढ. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर आणि ४० टक्के मागे ठेवून. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले. ते शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला. वीस महिन्यांत आम्ही सात वेळा नवे भावपत्रक पाठवले. आठव्यांदा पाठवले तेव्हा समोरून उत्तर आले नाही. त्या काळात बहरीनच्या लोकांनी कांदा खाणे सोडले होते काय? नाही. पाकिस्तानी कांदा आला, इजिप्तचा आला. आपल्या कांद्याइतका तिखट नाही, टिकत नाही, असे तिकडचे व्यापारी अजूनही म्हणतात. पण तो ठरल्या दिवशी येतो.

आता खरा देश-परिचय. आम्हाला जेवढा ठाऊक आहे तेवढा.

बहरीन क्षेत्रफळाने ७८० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नाशिक जिल्ह्याचे वीस तुकडे केले तर त्यातला एक. त्यातले बरेचसे वाळू आणि खडक. वस्ती सुमारे पंधरा लाख आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक बाहेरून आलेले. भारतीयच तीन लाखांच्या घरात. ही पुस्तिकेतली ‘लोकसंख्या’ नव्हे, ही आपल्या गिऱ्हाइकांची यादी आहे. कामगारांच्या निवासात बारा-बारा माणसांचा रस्सा रोज रात्री शिजतो, केरळी खानावळी आहेत, बांगलादेशी आहेत. ही मंडळी भाव चढला म्हणून कांदा सोडत नाहीत. फार तर सुपरऐवजी गोल्टा घेतात. दुसरे गिऱ्हाईक सौदीचे. १९८६ मध्ये खुला झालेला पंचवीस किलोमीटरचा किंग फहद सेतू शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत सौदी गाड्यांनी भरतो आणि हॉटेलांची खरेदी त्या हिशेबाने होते. तिथे रंग आणि पत्ती बघतात, तिखटपणा नाही. एकाच बेटावर दोन प्रती लागतात. आपण मात्र एकच मिक्स माल भरतो आणि दोघांच्याही शिव्या खातो.

त्याच सेतूवरून आपला स्पर्धकही येतो. दुबईत उतरलेला कांदा ट्रकने सौदीतून बहरीनला पोचतो. आपला थेट कंटेनर न्हावा शेव्याहून निघून बऱ्याचदा जेबेल अलीला फीडरची वाट पाहत पडतो आणि मग हिद्दच्या खलिफा बिन सलमान बंदरात लागतो. जेबेल अलीतले ते दिवस कोणी मोजतो का? भाड्याच्या कोटेशनमध्ये ते दिसत नाहीत, सडीत दिसतात.

सुट्टीचेही तसेच. अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार धरला, बहरीनची सुट्टी अजून शुक्रवार-शनिवार. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही फायटो आणि बी/एलचे कागद रवाना केलेत तर तिकडे ते रविवारी उघडतात, आणि त्यात चूक निघाली तर रविवारी इथे तुमचा सीएचए फोन उचलत नाही. सोमवार उजाडतो. चार दिवस. कागद बुधवारी दुपारपर्यंत गेलेच पाहिजेत, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

तेलाबद्दल पुस्तिकेत एक ओळ आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. आखाताच्या अरबी किनाऱ्यावर पहिले तेल १९३२ मध्ये इथेच लागले, आणि आज शेजाऱ्यांच्या मानाने इथलेच सर्वांत थोडे उरले आहे. मोठा आधार अबू सफा या क्षेत्राचा. तेल सौदी काढते आणि निम्मे उत्पन्न बहरीनला मिळते. ॲल्युमिनियम, बँका, पर्यटन असे दुसरे खांब उभारले आहेत, तरी तिजोरी अजून तेलावरच भरते, आणि कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नापलीकडे गेले आहे. २०१८ मध्ये सौदी, अमिराती आणि कुवेत यांनी दहा अब्ज डॉलरची मदत देऊन हात दिला. याचा कांद्याशी संबंध? तेलाचा भाव २०१४ नंतर कोसळला तेव्हा २०१५ मध्ये तिथल्या सरकारने मटणावरचे अनुदान काढले. २०१९ मध्ये पाच टक्के मूल्यवर्धित कर आला, २०२२ मध्ये तो दहा टक्के झाला. जीवनावश्यक अन्न त्यातून वगळले, पण बाकीचे महागले की किराणावाल्याची उधारी लांबते, घाऊकवाल्याची त्याहून लांबते, आणि शेवटी तुमचे डॉलर थांबतात. दिनार डॉलरला ०.३७६ या दराने जखडलेला आहे, त्यामुळे चलनाचा धोका तिकडे नाही. धोका आहे तो फक्त उधारीचा. तेल घसरले की तीस दिवसांची उधारी पंचेचाळीसवर नेऊ नका. (एकेकाळी हा प्रश्नच नव्हता. १९६५ पर्यंत तिथे रुपयाच चालत होता, आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेला. दिनार आला तेव्हा तो दहा रुपयांचा होता. आज दोनशेच्या पुढे आहे. आजोबांच्या वहीत बहरीनचा हिशेब रुपये-आण्यांत सापडला तर चकित होऊ नये.)

आणि रमजान. तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये ११ मार्च, २०२५ मध्ये १ मार्च, २०२७ मध्ये फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. २०३० मध्ये तर तो जानेवारीतही येईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा येईल. तीन आठवडे आधी माल पोचवायचा तर आपल्या हातात उन्हाळ कांदा नसेल. असेल तो रांगडा, पुढे पोळ लाल. पाणी जास्त, टिकाऊपणा कमी, आणि दर पडले की शेतकरी हिरव्या मानेसकट उपटून आणतो. आखातातला वर्षाचा सर्वांत मोठा खरेदीचा महिना आपल्या सर्वांत नाजूक मालावर येऊन ठेपतो आहे. याची तयारी कोणत्या खात्याने केली आहे? कोणत्याच नाही. आणि आपण?

इथे आपल्याच घरातले बोलावे लागते. मनाम्यात नोकरी करणाऱ्या एका वाचकाने गोण्यांची छायाचित्रे पाठवली आहेत. वर ५५ मिलिमीटरचा देखणा कांदा, मधल्या थरात गोल्टी आणि जोड कांदे. गोणीवर नाव आपल्याच एका सभासदाचे; ते छापत नाही, त्यांना कळवले आहे. दिल्लीला धरसोडीबद्दल बोल लावायचा आणि खळ्यावर रात्री अकराला ‘भर रे, चालतंय’ म्हणायचे, हे एका तोंडाने कसे जमते? आयातदाराची तक्रार आली की व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि सभासद गप्प. बंदीने गिऱ्हाईक घालवले हे खरे. उरलेले आपण घालवतो आहोत.

म्हणून मागणे आहे. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी बहरीनला एक जरी कंटेनर पाठवला, त्यांनी पुढील गोष्टी आम्हाला कळवाव्यात: माल कोणत्या हंगामाचा, भरताना तापमान आणि व्हेंट किती ठेवले, जेबेल अलीला किती दिवस गेले, दार उघडल्यावर सड किती टक्के निघाली, पैसे कितव्या दिवशी आले. नावे गुप्त राहतील. पंचवीस नोंदी जमल्या तरी पुढच्या अंकात चार पानांचा बहरीन परिचय छापू, आणि त्याच्या प्रती त्या शिबिरवाल्या कार्यालयालाही पोस्टाने धाडू. नोंदी या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत याव्यात. पाकिटावर ‘शेजारी’ एवढे लिहिले तरी पुरे, आमच्या शिपायाला कळेल.