कधीच न संपणारा आरंभ

ख्रिस रॉबर्ट्स यांनी 2012 साली ‘स्टार सिटिझन’ या ऑनलाइन अंतराळ-खेळासाठी लोकवर्गणी मागितली, तेव्हा वायदा 2014 चा होता. 2022 मध्ये जमा रक्कम 50 कोटी डॉलरच्या पुढे गेली; डिसेंबर 2024 ची आवृत्ती मात्र ‘अल्फा’, म्हणजे प्राथमिक चाचणीचीच! खेळाडूंच्या संतापाला उतावीळपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. या खेळातील याने तयार होण्याआधीच विकली जातात. वायद्यावरच पैसा मिळत असेल, तर काम संपवण्याची घाई कोणाला? मी कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. दोष व्यवहाराच्या रचनेत आहे. ग्राहकाला आश्रयदाता म्हणून गौरवले, की त्याचा जाब विचारण्याचा हक्क अलगद काढून घेता येतो. वर्गणी देताना म्हणूनच मुदतही लिहून घ्यावी. ती टळल्यास पैसे परत.