पेटीत किती आले आणि कोणी मोजले?

धर्मसंस्थांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा श्रद्धेच्या अंगाने, नाहीतर राजकारणाच्या. पण प्रत्येक धर्मस्थळाला वीजबिल येते, झाडलोट करणाऱ्याला पगार द्यावा लागतो, पावसाळ्यात छप्पर गळते आणि दर आठवड्याला पेटीत पैसे पडतात. हे पैसे कोण मोजतो? खर्चाला मंजुरी कोण देतो? धर्मगुरूला ठेवणारा आणि काढणारा कोण? इमारत नेमकी कोणाची? या चार प्रश्नांवर फार कमी लिहिले जाते. माझ्या मते धर्मसंस्थेचा स्वभाव तिच्या प्रवचनांपेक्षा या चार उत्तरांतून जास्त कळतो.

त्यासाठी मी इथे अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्ट चर्चचे उदाहरण घेतो आहे. हा प्रोटेस्टंट संप्रदाय आजच्या स्वरूपात 1968 साली डलास इथे दोन चर्चच्या विलीनीकरणातून उभा राहिला. उदाहरण म्हणून तो निवडण्याची कारणे दोन. एक तर या लोकांनी आपला सगळा कारभार ‘बुक ऑफ डिसिप्लिन’ नावाच्या ग्रंथात कलमवार छापून ठेवला आहे. दुसरे म्हणजे अलीकडेच हा संप्रदाय फुटला आणि फुटताना या नियमांचा कस लागला. तसे नाते आपल्यापासून फार लांबचेही नाही. अमेरिकन मेथॉडिस्ट मिशन 1856 मध्ये भारतात आले. त्यातून वाढलेले मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया 1981 मध्ये स्वायत्त झाले. त्याचे मुख्यालय मुंबई सेंट्रलला आहे.

एका पेनीपासून सुरुवात

मेथॉडिस्ट चळवळ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी सुरू केली. ब्रिस्टल शहरात त्यांनी 1739 साली ‘न्यू रूम’ नावाची वास्तू बांधायला घेतली आणि तिच्यापायी कर्ज झाले. फेडायचे कसे, यावर फेब्रुवारी 1742 मध्ये बैठक बसली. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले की, प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणाले, पुष्कळांची तेवढीही ऐपत नाही. त्यावर कप्तान म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी घरोघर जाऊन गोळा करीन, आणि ज्याला जमणार नाही त्याचे मी भरीन.

त्यातून बारा-बारा जणांचे गट तयार झाले. वसुलीसाठी दारोदार जाणाऱ्यांना लोकांची दुखणी, व्यसने, घरातली भांडणे कळू लागली. पुढे हेच गट मेथॉडिस्टांच्या धार्मिक जीवनाचा पाया ठरले. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. वर्गणीची पद्धत ठरवताना त्या बैठकीत सर्वांत गरीब माणसाचा विचार आधी झाला, आणि वसुली करणाऱ्याने आपला खिसाही मध्ये घातला. आपल्याकडे चंदा गोळा करणारे आणि चंदा देणारे असे दोन वेगळे वर्ग तयार झालेले दिसतात.

अविश्वास नव्हे, संरक्षण

आता आजचे नियम पाहू. रविवारी जमा झालेले अर्पण किमान दोन माणसांनी मिळून मोजायचे, आणि ही दोन माणसे एकाच घरातली नकोत. जमेची नोंद ठेवणारा सचिव आणि पैसे खर्ची टाकणारा खजिनदार या दोन वेगळ्या व्यक्ती. पाळकाच्या जवळच्या नातलगाने खजिनदार, वित्त समितीचा अध्यक्ष किंवा पैसे मोजणारा व्हायचे नाही. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे.

यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. विशेष हे की, अमेरिकेतला कायदा चर्चकडून इतकी अपेक्षाच करत नाही. तिथे इतर धर्मादाय संस्थांना कर खात्याकडे वार्षिक विवरण भरावे लागते. चर्चला त्यातून सूट आहे. म्हणजे सरकारने विचारले नसतानाही हा हिशेब स्वतःच्या नियमाने ठेवला जातो. आपल्याकडे उलटे आहे. धर्मादाय आयुक्त असो की वक्फ बोर्ड, कागदोपत्री देखरेखीची तरतूद भरपूर आहे. पण जो माणूस दर जुम्याला दहा रुपये टाकतो, त्याला त्या दहा रुपयांचे काय झाले हे सहसा कळत नाही.

मी आजवर काही मशिदींच्या ट्रस्टच्या बैठकांना बसलो आहे. हिशेबाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते, ‘आमच्यावर भरवसा नाही का?’ तिथे चर्चा संपते. विचारणारा वाईट ठरतो. वास्तविक दोघांनी मिळून पैसे मोजण्याचा नियम मोजणाऱ्याच्या बाजूचा असतो. उद्या रक्कम कमी भरली तर त्याच्याकडे साक्षीदार असतो. कुरआनमधली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. लिहून ठेवणे म्हणजे शंका घेणे, हा समज आपण कुठून आणला?

पाळक कोणाचा नोकर?

तिसरा प्रश्न धर्मगुरूचा. मेथॉडिस्ट पाळकाची नेमणूक गावातली मंडळी करत नाही. ती बिशप करतो, एका वेळी एका वर्षासाठी. पाळकाचे सभासदत्वही स्थानिक चर्चमध्ये नसते, ते विभागीय परिषदेत असते. पगाराचा आकडा स्थानिक मंडळी ठरवते, परंतु किमान वेतन विभागीय परिषद ठरवून देते. एखादी गरीब मंडळी तेवढेही देऊ शकत नसेल तर मदतीसाठी वेगळा निधी असतो. अमेरिकेतल्या सर्व बिशपांना सारखाच पगार मिळतो, आणि तो एका सामायिक निधीतून जातो.

पाळक आणि मंडळी यांच्यातल्या कुरबुरींसाठी स्वतंत्र समिती असते. तिच्यात पाळकाचे किंवा कर्मचाऱ्यांचे घरचे लोक बसू शकत नाहीत. ही समिती पाळकाच्या किंवा त्याच्यावरच्या अधिकाऱ्याच्या माहितीशिवाय बैठक घेऊ शकत नाही. पाठीमागे चार जण जमले आणि सकाळी इमामसाहेबांना सामान बांधायला सांगितले, असा प्रकार तिथे नियमाने शक्य नाही. पेश इमामाची नोकरी किती जणांच्या लहरीवर चालते, हे या ब्लॉगच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. ज्याचा पगार मोहल्ल्यातल्या दोन बड्या असामींच्या हातात आहे, तो त्यांच्या व्याजबट्ट्यावर किंवा हुंड्यावर मिंबरवरून काय बोलणार?

मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. पाळकाला बिशपच्या आदेशावर गाव बदलावे लागते. बायकोची नोकरी, मुलांची शाळा सगळे मागे राहते. त्यातून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली एका ल्यूथरन शाळेच्या खटल्यात निकाल दिला की, धर्मगुरूच्या भूमिकेत काम करणाऱ्याला भेदभावविरोधी रोजगार कायद्याचा आधार घेऊन आपल्या चर्चवर दावा लावता येणार नाही. म्हणजे बाहेरचे दार बंद. अशा वेळी आतली व्यवस्था न्याय्य नसेल तर त्या माणसाने जायचे कुठे? म्हणून मी म्हणतो, धर्मसंस्थेला जितकी मोकळीक कायद्याने मिळते, तितकी तिची स्वतःची नियमावली कडक हवी.

इमारत आणि फाटाफूट

चौथा प्रश्न मालमत्तेचा, आणि खरी परीक्षा तिथेच झाली. मेथॉडिस्ट नियमानुसार स्थानिक चर्चची इमारत संपूर्ण संप्रदायासाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. गावाने वर्गणी काढून बांधली तरी गावाला ती घेऊन संप्रदायातून बाहेर पडता येत नाही.

समलिंगी विवाह आणि समलिंगी पाळकांच्या दीक्षेवरून या संप्रदायात अनेक दशके वाद होता. सर्वोच्च अधिकार जनरल कॉन्फरन्सकडे असतात. तिच्यात निम्मे पाळक आणि निम्मे सामान्य सभासद निवडून येतात. फेब्रुवारी 2019 मध्ये सेंट लुइस इथे विशेष अधिवेशन झाले आणि बंदी कडक करणारा ठराव 438 विरुद्ध 384 मतांनी मंजूर झाला. त्याच वेळी बाहेर पडण्याची एक मुदतबंद वाटही मोकळी झाली. मंडळीच्या सभेत हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश लोकांनी मत द्यायचे, ठरावीक काळाची वर्गणी चुकती करायची, पाळकांच्या पेन्शनमधला आपला वाटा भरायचा, आणि इमारत घेऊन जायचे. मुदत होती 31 डिसेंबर 2023.

या वाटेने अमेरिकेतली सुमारे 7,600 चर्च बाहेर पडली. एकूण चर्चच्या साधारण चौथा हिस्सा. पुढच्याच वर्षी शार्लट इथल्या अधिवेशनाने जुनी बंदी उठवली. माणसे गेली तसे पैसेही गेले. 2017 ते 2020 या चार वर्षांचा जागतिक कामाचा अर्थसंकल्प सुमारे 60 कोटी डॉलर होता. 2025 ते 2028 साठी तो 35 ते 37 कोटींवर आला.

मूळ वादात कोणाची बाजू बरोबर, हा त्यांच्या घरचा प्रश्न. मला दिसते ते एवढेच की, हजारो ठिकाणी भांडण मतपेटी आणि हिशेबाच्या कागदापर्यंत आले, आणि निवृत्त पाळकांची पेन्शन त्या भांडणात बुडू नये अशी तजवीज नियमातच होती. सगळे गोडीगुलाबीने झाले असे मुळीच नाही. काही विभागांनी मालमत्तेच्या किमतीत हिस्सा मागितला, काही ठिकाणी प्रकरण कोर्टात गेले. बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांनी ग्लोबल मेथॉडिस्ट चर्च हा नवा संप्रदाय धरला. 2022 साली सुरू झालेल्या या संप्रदायाने विश्वस्त मालमत्तेचे कलम ठेवलेच नाही. इमारत गावाची. भाजलेल्या माणसाने काढलेला हा धडा आहे.

नियम कोणी लिहिला?

एवढे वाचून कोणाला वाटेल की, चांगले नियम लिहिले म्हणजे झाले. तसे नाही. याच मेथॉडिस्टांनी 1939 मध्ये अमेरिकेत एकत्र येताना काळ्या मंडळ्यांसाठी ‘सेंट्रल ज्युरिस्डिक्शन’ नावाचा वेगळा विभाग केला. बाकीचे विभाग भूगोलावर आखलेले होते, हा एकच वंशावर. 1968 मध्ये तो संपला. स्त्रियांना पाळक म्हणून पूर्ण अधिकार मिळाले 1956 साली. म्हणजे अन्यायही कलमवार, ठराव करून, रीतसर होऊ शकतो. नियम लिहिताना खोलीत कोण बसले होते, हे म्हणून महत्त्वाचे.

तरीही छापील अन्यायाची एक सोय असते. तो कलम नंबर टाकून दाखवता येतो, त्याच्याविरुद्ध दुरुस्ती मांडता येते. ‘आमच्याकडे असेच चालते’ या वाक्याला कलम नंबर नसतो, त्यामुळे ते बदलायचे कोणाकडे जाऊन, हेच कळत नाही.

आपल्या मशिदींनी मेथॉडिस्टांची नक्कल करावी असे मी सुचवत नाही. आपली रचना वेगळी, आपल्याकडे बिशप नाही आणि असूही नये. पण चार गोष्टी उद्यापासून करता येतील. जुम्याचे पैसे दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी मिळून मोजावेत. महिन्याचा जमाखर्च वजूखान्याशेजारी फळ्यावर लावावा. इमाम आणि मुअज्जिन यांना लेखी नेमणूकपत्र द्यावे, त्यात पगार, सुट्टी आणि काढण्याची रीत स्पष्ट असावी. आणि ट्रस्टची घटना उर्दूत किंवा मराठीत छापून, मागेल त्याला वाचायला द्यावी. बायकांनी मागितली तरीही.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारची परवानगी लागत नाही आणि खर्च म्हणाल तर एक फळा आणि थोडा खडू.