शिरांचा दोष आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायेलिनचे आवरण झिजते. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्यावर उलटते, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण. इटलीतील फेरारा विद्यापीठाचे पाओलो झाम्बोनी यांनी 2009च्या सुमारास वेगळी मांडणी केली: मानेतल्या व छातीतल्या शिरा अरुंद झाल्याने मेंदूतले रक्त नीट खाली उतरत नाही, ते तुंबते, लोह साचते आणि दाह सुरू होतो. कल्पना अगदीच निराधार नव्हती. मायेलिन झिजून मेंदूत पडणाऱ्या चट्ट्यांच्या मध्यभागी रक्तवाहिनी असते, हे विकृतिशास्त्रज्ञ रिंडफ्लाइश यांनी 1863 मध्येच नोंदवले होते.

घाई झाली ती उपचारात. फुग्याने, कधी स्टेंट बसवून, शिरा रुंद करण्याच्या क्रियेला ‘मुक्ती’ म्हटले जाऊ लागले आणि पुरावा हाती येण्याआधीच कॅनडातले रुग्ण पदरचे पैसे खर्चून परदेशी, अगदी भारतातही, जाऊ लागले. 2012 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मृत्यू, पक्षाघात आणि जागेवरून सरकलेले स्टेंट यांची नोंद घेऊन इशारा दिला. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मधील अभ्यासात अशा अरुंद शिरा निरोगी माणसांतही जवळपास तितक्याच आढळल्या. झाम्बोनी यांच्याच नेतृत्वाखालील ‘ब्रेव्ह ड्रीम्स’ चाचणीतही 2017 मध्ये उपचाराचा लाभ दिसला नाही. स्वतःचा सिद्धान्त असा कसोटीला लावून प्रतिकूल निकाल छापणे सोपे नसते. तेवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

निदानात मात्र शिरांना स्थान आहे: एमआरआयमध्ये चट्ट्याच्या मधोमध दिसणारी बारीक शीर हा रोग इतर आजारांपासून वेगळा ओळखायला मदत करते.