तलवारीचे पाणी आणि इतिहासाचा मुलामा

आजचा धागा थोडा कडवट आहे.

'शिवकालीन पोलादाची अस्सल तलवार' अशा मथळ्याखाली जी चकचकीत पाती समाजमाध्यमांवर मिरवली जातात, त्यांपैकी पुष्कळांचा शिवकाळाशी संबंध नाही आणि काहींचा तर तलवारीशीही नाही. स्टेनलेस स्टील हे विसाव्या शतकाचे अपत्य आहे. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी आपले गंजरोधक पोलाद ओतले ते १९१३ साली. ज्या भाईंदरच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात, तिथल्या तरुणांना तरी हे सांगावे लागू नये! ताटवाटीचे स्टील लालबुंद करून कितीही वेळा पाण्यात बुडवा, ते कठीण होत नाही. त्याला पाणी चढतच नाही.

'पाणी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पात्याला पाणी देणे, पाणीदार पाते, एखाद्याचे पाणी जोखणे: अख्खे धातुशास्त्र आपण बोलण्यात वागवतो आणि त्याचा अर्थ मात्र विसरतो. कर्बयुक्त पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की लोहचुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवून ते पाण्यात किंवा तेलात झटकन विझवले, की त्याची अंतर्रचना बदलते आणि ते अत्यंत कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही. अशी तलवार पहिल्याच घावाला तुटेल. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवायचे. साधारण २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान घासलेल्या पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. कोणत्या रंगाला थांबायचे, यावर पात्याचे आयुष्य ठरते. तापमापक नसताना लोहार हे डोळ्यांनी वाचत होता. विषात किंवा रक्तात विझवलेल्या तलवारींच्या कथा सांगणाऱ्यांना ही नजर दिसत नाही, कारण तिच्यात चमत्कार नाही, केवळ कसब आहे.

दुसरा भ्रम जरा प्रतिष्ठित आहे. दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकावर एक ठोकून जोडायचे, आम्लात बुडवून नागमोडी रेषा उठवायच्या आणि त्याला 'दख्खनचे प्राचीन पोलाद' म्हणायचे. वस्तू देखणी होते, कष्टही खरे असतात. नाव तेवढे खोटे. दख्खनचे नामांकित पोलाद बंद मुशीत वितळवलेले होते. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम् हे त्याचे एक प्रसिद्ध केंद्र. त्यात कर्ब साधारण दीड टक्क्याच्या आसपास, आणि त्यावरची नक्षी थरांची नव्हे, तर पोलादातच जमलेल्या कार्बाइडच्या कणांची. ते प्रमाणाबाहेर तापले तर नक्षी विरघळून जाते. मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने १८२०च्या सुमारास त्यावर प्रयोग केले होते.

आणि सर्व पाती आपल्याच मातीतली असावीत, हा हट्ट कशासाठी? 'फिरंग' हे नावच सांगते की सरळ, लांब युरोपी पात्यांना आपल्या मुठी बसवल्या जात होत्या. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घोडबंदर घेतले, तेव्हा पाते कोठे घडले याची चौकशी कोणी रणात करत बसले नसणार. चांगले पाते विकत घेणे हा शहाणपणा होता, लांछन नव्हे.

कोणी म्हणेल, हौसेला एवढे का झोडपता? हौस करा, अवश्य करा. पण तलवारच कशाला? शस्त्र कायद्याखाली तलवार म्हणजे परवान्याचा विषय, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद सुराही, घरगुती वा शेतीच्या वापराचा नसेल तर, त्याच यादीत येतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्ट्यातून कोयता घडवा. पाणी चुकले तर त्याची धार दुमडेल किंवा टवका उडेल, आणि त्यातून जे कळेल ते कोणत्याही मथळ्यातून कळणार नाही.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. जपानी कारागिरांच्या चित्रफिती आपण रात्र रात्र पाहतो आणि रस्त्याकडेला भाता लावून बसलेल्या घिसाडी कुटुंबासमोरून मान वळवून जातो. सरकारी यादीत ती भटकी जमात. आपल्या इतिहासाच्या धाग्यांत तिचा उल्लेखही नाही. तलवार ज्याने उचलली त्याची वंशावळ आपल्याला पाठ आहे, ती ज्याने घडवली त्याची जातही आपण विचारत नाही, आणि विचारली तर हिणवण्यासाठी. पुढच्या वेळी तिथे थांबा. विळ्याला धार लावून घ्या, मागितले तेवढे पैसे द्या आणि विचारा, विझवण्याआधीच्या लालीला तो काय म्हणतो. तो शब्द लिहून घ्या. त्याची हरकत नसेल, तर त्याच्या नावासह.