अक्षर आलें, हिशेब कळला

मुलीला दोन अक्षरें शिकवून उपयोग काय, असें विचारणारे लोक आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांत अजून आहेत. त्यांच्यासाठीं कोरिया देशाची ही हकीकत देतों.

१९१० सालीं जपाननें कोरिया गिळला. १९४५ पर्यंत तेथें त्याचा अंमल चालला. बाईनें उंबऱ्याच्या आंत राहावें, हा तेथील कुलीनांचा जुना दंडक. पण गरिबाच्या बाईला पोट घरांत बसूं देत नाहीं! जेजू बेटावरील बाया श्वास रोखून समुद्राच्या तळाशीं जात व शिंपले, शेवाळ वर काढीत. मालाची विक्री मात्र संघाच्या हातीं. संघ नांवाला बायांचा; त्याचें अध्यक्षपद बेटाच्या जपानी अधिकाऱ्याकडे आणि नफा व्यापाऱ्याच्या घरीं.

पुढें हादो गांवीं रात्रीची शाळा निघाली. दिवसा समुद्रांत बुडणाऱ्या मुली रात्रीं वाचन व हिशेब शिकल्या. जिला हिशेब कळला, तिला लूट कळली. १९३२ च्या जानेवारींत सेह्वाच्या बाजारीं ह्या बाया आपलीं हत्यारें घेऊन जमल्या व त्यांनीं त्या अधिकाऱ्याची मोटार अडविली. बु चुन्ह्वा, किम ओक्ऱ्यॉन, बु दॉक्ऱ्यांग ह्या पुढारी मुलींना तुरुंग भोगावा लागला.

त्याआधीं १९३१ च्या मे महिन्यांत प्याँगयांग शहरांतील एका रबर कारखान्यानें मजुरी कापली, तेव्हां कांग जुऱ्याँग ही कामकरीण उल्मिल्दे मंडपाच्या छपरावर चढून बसली. आम्हां ४९ जणींची कपात उद्यां सर्वांची कपात होईल, हें तिचें गाऱ्हाणें. पोलिसांनीं तिला खालीं ओढलें. १९३२ सालीं ती वारली.

कोणी म्हणेल, जपानी अमलानेंच बाईला घराबाहेर काढलें ना? काढलें खरें, पण कशासाठीं? कारखान्याला स्वस्त हात हवे होते म्हणून. आणि युद्धकाळांत तर कामाचें आमिष दाखवून वा जबरीनें कित्येक मुलींना लष्कराच्या वेश्यागृहांत कोंडलें. ती लाज मुलींची नव्हे, कोंडणाऱ्यांची. तरी तोंड मुलींनाच लपवावें लागलें. १९९१ सालीं किम हाक्सुन ह्या वृद्ध बाईनें तें जगापुढें उघड सांगितलें.

तेव्हां बाई उंबऱ्याबाहेर पडली एवढ्यानें ती सुटत नाहीं. तिच्या श्रमाचा हिशेब कोणाच्या हातीं आहे, हें पाहावें लागतें. बांधवांनो, पोरीला शाळेंत घाला. व्यापाऱ्याची चिठ्ठी तिला वाचूं द्या. आणि उद्यां तिनें घरच्या पैशाचा हिशेब तुम्हांलाच विचारला, तर रागावूं नका. शिक्षण फळलें असें समजा.